सगळ्यांचा श्वास वीस

"सिस्टर, हे वीस कोणी मोजलं?"

डॉक्टरांनी चार्ट माझ्यासमोर टेबलावर ठेवला. बाजूला मेट्रन मॅडम बसलेल्या. दाराशी सोनल उभी होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची स्टुडंट, टिटवाळ्याहून यायची. हातातला रुमाल पिळून पिळून तिने दोरी केली होती. आदल्या संध्याकाळी आमच्या फिमेल वॉर्डातल्या हिराबाई आयसीयूत वारल्या होत्या आणि हा त्यांचा चार्ट होता.

आता चार्ट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेशंटच्या पायाशी फाइल लटकते ना, त्यात दर चार तासांनी ताप, नाडी आणि श्वास लिहायचा असतो. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी बीपीच्या मशीनवर दिसते. श्वास मात्र आपला आपणच मोजायचा. घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट, छाती किती वेळा वर आली ते. आणि पेशंटला सांगायचं नाही बरं का. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. मोठ्या माणसाचा बारा ते वीसच्या मधे असला की ठीक.

पण तीस बेड आणि आम्ही दोघी. तीस मिनिटं आणायची कुठून? मग वीस लिहून मोकळं व्हायचं. मला माझ्या सीनियरने हेच शिकवलं, मी पुढच्या मुलींना शिकवलं. मी काही फार शिकलेली नाही. एएनएमचा छोटा नर्सिंग कोर्स करून लागले, बाकीचं वॉर्डात शिकले, मुलींची पुस्तकं मागून मागून वाचली. जे चांगलं शिकले ते शिकले, त्यातच हेही आलं.

हिराबाई कोलशेतच्या. मासे विकायच्या. हर्नियाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. वॉर्डभर त्यांचा आवाज. सोनलला म्हणायच्या, "तू कवा लगीन करतंस गो? का आमची टेम्परेचरंच मोजत बसशील?" मला मासे कसे निवडायचे ते शिकवलं त्यांनी. "डोल्यांवर जाव नको, सिस्टर बाय. कल्ले उघडून बघ. कुनी किती पन ताजं सांगू दे, उघडल्याबिगर मी टोपलीत घेत नाय."

त्या सकाळी त्यांचा आवाज नव्हता. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी टेबलावर फाइलींचा ढीग घेऊन बसले होते, दुसऱ्या दिवशी तपासणी होती. एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, असं वरून सांगणं होतं.

दहाच्या सुमाराला सोनल आली. "सिस्टर, हिराबाई म्हणतात छातीत भरल्यासारखं होतंय."

"ताप?"

"नाही. बीपी बरोबर आहे. नाडी थोडी जास्त, शंभर."

"गॅस असेल. काल दिवसभर पडून होत्या. बसतं कर त्यांना."

"श्वास मोजू का? अजून चौदा जणींचे राहिलेत."

"अगं, वीस टाक आणि ये इकडे. ही पानं कोण भरणार?"

तिने वीस टाकलं.

दोन वाजता ड्यूटी बदलताना मी बेडपाशी गेले. हिराबाई पलंगाची कड धरून बसल्या होत्या. ओठ काळसर. मी मनगट धरलं, छातीकडे बघितलं आणि मोजलं. अडतीस. किती वर्षांनी मी पूर्ण मिनिट मोजलं असेल, देव जाणे.

"मना बरं नाय वाटत, बाय," एवढंच म्हणाल्या.

पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली होती. आयसीयूत दोन दिवस काढले त्यांनी.

तर डॉक्टर विचारत होते, कोणी मोजलं. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "स्टुडंटचं अक्षर आहे. स्कूलला लेटर देऊ. तुम्ही यात कशाला?" ते लेटर गेलं असतं तर सोनलचं ट्रेनिंग तिथेच संपलं असतं. माझ्या रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं. खोटं कशाला सांगू, मला ते सोयीचं वाटलं. सोनलने माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी म्हटलं, "कोणीच मोजलं नाही, सर. मोजू का म्हणून तिने विचारलेलं. वीस टाक असं मी सांगितलं. वॉर्डाची इन्चार्ज मी, खाली सही माझी आहे."

डॉक्टरांनी चार्ट उलटा ठेवला. "वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण चार तास मिळाले असते."

संध्याकाळी हिराबाईंची मुलगी सामान घ्यायला आली. डबा, कंगवा, एक हिरवं लुगडं. पिशवी भरताना तिने विचारलं, "आई सकाली काय बोलली होती का?"

"छातीत भरून येतंय म्हणाली होती. मी उठून बघायला गेले नाही."

तिने पिशवीतलं लुगडं बाहेर काढून पुन्हा घडी घातली आणि ती गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माझं इन्चार्जपण गेलं. उरलेलं वर्ष मी ओपीडीत ड्रेसिंग केलं. लेटर माझ्या नावाने फाइलला लागलं, सोनलचं ट्रेनिंग पूर्ण झालं. आता ती कल्याणला नोकरी करते. फोन करते, पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी बोलत नाही.

रिटायर झाल्यावर नर्सिंग स्कूलवाले मला अधूनमधून प्रॅक्टिकलला बोलावतात. पहिल्या दिवशी मी मुलींच्या जोड्या लावते आणि एकमेकींचा श्वास मोजायला लावते, पूर्ण मिनिट. फळ्यावर आकडे येतात, चौदा, सतरा, अठरा, सोळा. मग मी सांगते, ज्या वॉर्डात तीस जणींचा श्वास वीस लिहिलेला दिसेल, तिथे श्वास कोणी मोजत नाही असं समजा.

मागच्या खेपेला एक मुलगी जोडीविना राहिली. मी माझा हात पुढे केला. तिने मनगट धरलं, पूर्ण मिनिट मोजलं.

"चोवीस आहे, मॅडम," ती म्हणाली. "जास्त आहे. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी म्हटलं, जिना चढून आलेय. आणि बाकीच्या मुलींना सांगितलं, हिने आत्ता काय विचारलं ते वहीत लिहून घ्या.