माझी पट्टी काहून उडते

आज मी जळली, लोकहो. काहून खोटं बोलू?

तुम्हाला माहीतच आहे, मी लॅबमध्ये बायोप्सीच्या स्लाइड बनवायचं काम शिकून राहिली आहे. पेशंटचा तुकडा मेणात बसवायचा आणि मशीनवर कागदाहून पातळ कापायचा. मग त्या कापांची पट्टी ब्रशनं अलगद उचलून कोमट पाण्यावर सोडायची. आठ महिने झाले शिकून, पण हल्ली माझी पट्टी उचलताना उडते नाही तर गोळा होते.

पूजा आत्ता दोन महिन्यांपूर्वी आली. सराफ्यातल्या सोनाराची पोरगी. आज मॅडमनी खऱ्या पेशंटचा तुकडा तिला दिला, मला नाही! तांदळाच्या कणीएवढा. बिघडला तर दुसरा नाही. फॉर्मवर वय लिहिलं होतं बावीस, म्हणजे माझंच. तरी मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होती, फाट, फाट.

तिची पट्टी नाही फाटली. पाण्यावर मस्त सपाट पसरली. मॅडम म्हणाल्या, "वाह बेटा!"

शेवटी मीच विचारलं, "कैसे करती है तू?"

"साँस रोक लेती हूँ, दीदी. पापा के पास बैठती थी न, फूँक से सोने का चूरा उड़ जाता था." मग अगदी साधेपणानं म्हणाली, "आप तो मुझे देख-देख के इतनी लंबी साँस छोड़ती हो, पट्टी उसी से उड़ती है."

आता तुम्हीच सांगा, उद्या तिच्याच शेजारी बसून मी श्वास कसा रोखू?