पाच जणींचा एकच गुडघा

बाबांनी गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं का नाही, यावरून आमच्या घणसोलीच्या खोलीत टेन्शन. बाबा मार्केटला गोणी उचलतात. गुडघा गेला की कामच गेलं. डॉक्टर म्हणाले, "घेऊन बघा, फरक पडू शकतो."

आमच्यात असं काही निघालं की आधी इथं राहणाऱ्या आमच्या गाववाल्यांना विचारायचं. आईनं पाच जणींना फोन लावले, स्पीकरवर. पाचही जणींचं मत, इंजेक्शन एकदम बेस्ट.

मला नकलांची खोड. शाळेत हेडमास्तरांची करून मारही खाल्लाय. एकेक फोन ठेवला की मी लगेच त्या बाईच्या आवाजात, "आवं वैनी, मानूस जिना पळत चढला, पळत!" आई हसून लोळायची. पण तिसऱ्या नकलेला मीच थांबलो. आवाज बदलत होता, वाक्य तेच. प्रत्येकीचा माणूस जिना पळतच चढत होता आणि वर जाऊन चहाच मागत होता.

"आई, हा एकच माणूस आहे. यांच्या भिशीत एकीनं सांगितलं, बाकीच्या तेच सांगतायत."

"बरं, शाण्या. मग तुजं हाफीस काय म्हनतंय?"

महापेच्या ऑफिसात माझं कामच ते. वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता, एकच औषध तपासलेलं असतं. ते निकाल एकत्र करायचे. मोठ्या तपासणीला वजन जास्त, छोटीला कमी. एकच पेशंट दोनदा मोजला नाही ना, तेही बघायचं. मग सगळ्या निकालांच्या रेघा एकाखाली एक, आणि तळाला पत्त्यातल्या चौकटीसारखं चिन्ह, म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर. मधे एक उभी रेष. चौकट रेषेच्या एका बाजूला पडली तर फायदा, दुसऱ्या बाजूला तर तोटा. रेषेवरच बसली तर काही सांगता येत नाही.

या इंजेक्शनचे मिळाले तेवढे निकाल जोडले. चौकट रेषेवर. एखाद्याच निकालामुळे तर नाही ना, म्हणून एकेक बाजूला काढून पाहिलं. हलायलाच तयार नाही.

बाबांना मोबाईलवर दाखवलं.

"म्हंजी काय?"

"काहींना बरं वाटलं, काहींना नाही."

"मग मी कुठल्यात?"

"ते यात दिसत नाही, बाबा."

त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढला. "आरं, मग डाक्टरची नक्कल कर. त्येंच्या आवाजात सांग, घिऊ का नगं."

मी घसा खाकरला, नसलेला चष्मा वर सारला. डॉक्टर हुबेहूब आले.

"घेऊन बघा," मी म्हणालो, "फरक पडू शकतो."

आई हसली नाही. बाबा गुडघा चोळत राहिले.