विश्रांतीचा रकाना

काल दुपारी मिरकरवाड्याच्या जेटीवर एका बोटमालकाने बोट चालवणाऱ्या तांडेलाला लगेच पुन्हा बोट काढायला सांगितलं. "शेठ, डुलक्या काढल्या म्हंजे निजलो काय? आज न्हाय नेणार," तांडेल म्हणाला. इंजिन पुसलेल्या रॉकेलचा वास त्याच्या हातांना येत होता. विमानाच्या इंधनाचा वासही तसाच. पिशवी घेऊन मी तिथेच थबकलो.

काही वर्षांपूर्वी मी नऊ आसनी विमानं चालवणाऱ्या एका कंपनीत वैमानिकांच्या ड्युट्या लावायचो. एके दिवशी आमचे एक कॅप्टन पहाटेपासून कामावर होते. दुपारी पाच तास ते धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रवाशांची वाट पाहत बसले. ते तास मी 'विश्रांती'च्या रकान्यात लिहिले. आमच्याकडे तशीच पद्धत होती.

त्यांनी ते वाचलं, लाल झालेले डोळे चोळले. "भाऊ, या खुर्चीत तू एकदा झोपून दाखव." मी हसलो आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

संध्याकाळी विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत कोसळलं. कॅप्टन गेले, दोन प्रवासीही गेले. चौकशीत मला विचारलं, "त्यांना विश्रांती मिळाली होती?"

मी नुसतं रजिस्टर उघडून दाखवलं. खाली त्यांचीच सही होती.