आयोडीन आणि विटाळ

मुलांनो, आयोडीन तुम्ही जखमेवरच्या तपकिरी औषधात पाहिले असेल. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा ते बाटलीत असे: काळसर, चकाकणारे पापुद्रे. जरा ऊब दिली की जांभळी वाफ, आणि गार काचेवर त्याच वाफेचे पुन्हा पापुद्रे. निसर्गातले जवळजवळ सगळे आयोडीन एकाच वजनाचे, १२७. त्याचे १३१ हे भावंड माणसाने घडवलेले. त्यात चार न्यूट्रॉन जास्त, म्हणून ते अस्थिर. किरण सोडत त्याचा झेनॉन वायू होतो. आठ दिवसांत अर्धे उरते, पुढच्या आठ दिवसांत त्याचेही अर्धे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

हे १३१ तुमच्या धाकट्या आजीला, म्हणजे माझ्या जावेला, थायरॉइडसाठी दिले. गळ्यातली ती ग्रंथी आयोडीन ओढून घेते, कुठले ते बघत नाही. म्हणून औषध नेमके तिथेच पोचते. सून बाळंतपणाला माहेरी होती. नातू घरी यायच्या आत बरे व्हावे, एवढ्यासाठीच जावेने औषध घेतले. डॉक्टरांनी सांगितले होते, दोन-तीन आठवडे वेगळे झोपा, भांडी वेगळी ठेवा, मूल आणि गरोदर बाई जवळ नको.

कोपरगावजवळच्या त्या घरात बाईने वेगळे राहायचे म्हणजे विटाळ, दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नाही. तिचे अंथरूण गोठ्यात कडब्याशेजारी गेले. आठवडे उलटले, दोन महिने उलटून गेले, तरी ती तिथेच. सून येणार म्हणून मी नगरहून गेले, तर माझा दीर, तिचा नवरा, तिचे ताट पायाने पुढे सरकवत होता. शेणाच्या पोवापासून वीतभर अंतरावर.

"भावजी, हे काय चालवलंय?"

"वहिनी, तुमी शिकल्याल्या. पर किरण डोळ्याला दिसत्यात का?"

"नाही."

"मग ते गेले हे तरी कसं दिसायचं?"

"हिशेबानं. दोनशेतला एक भागही उरलेला नाही."

"म्हंजे थोडं उरलंयच की!" तो ओट्यावर बसलेल्या शेजारणीकडे बघून हसला. सुनेवरून आणि बाळावरून भाकरतुकडा ओवाळायला त्याने तिला बोलावले होते. हा मान सासूचा.

"आणि धारा कोण काढतं?" मी विचारले.

"तीच. गाया दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत."

"ते दूध?"

"डेअरीला," तो म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही.

"आगं बया! डेअरीला का?" शेजारीण उठलीच. "आन् तुमच्या घरातलं रतीबाचं दूध मी नेती, ते कुठलं वो दादा?"

दीर मिशीवरून हात फिरवत राहिला. जावेने काढलेल्या दुधाचे पैसे चालत होते, तिचा हात चालत नव्हता. इतका ओंगळ सोवळेपणा मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात जीप आली. सून बाळाला घेऊन उतरली. शेजारणीने भाकरीचा तुकडा गोठ्याच्या दारात उभ्या माझ्या जावेच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "रोज तुझ्याच हातचं दूध पिती मी. तूच ओवाळ बाई." जावेने तुकडा ओवाळून टाकला. सुनेने काही न विचारता बाळ तिच्या हातांत दिले.

दीर आत गेला आणि तांब्या घेऊन आला. गोमूत्र होते. त्याने ते बाळाच्या तोंडावरच शिंपडले. गाईचे मूत तीन महिन्यांच्या जिवाच्या ओठांवर चालते, आजीचा हात चालत नाही! पोर किंचाळले.

"मामंजी, पुरे!" सुनेने तांब्या त्याच्या हातून ओढला आणि अंगणात उपडा केला.

जावेने पदराने बाळाचे तोंड पुसले, डोळे पुसले, ओठांच्या कडा पुसल्या. मग ती कुणाकडेही न बघता बाळासकट उंबरा ओलांडून आत गेली, ती थेट चुलीपाशी. "पाणी तापव गं," तिने सुनेला हाक मारली, "ह्याला न्हाऊ घालू आधी. घान वास येतोय."

दीर ओल्या अंगणात उभा राहिला. त्याला आत या असे कुणी म्हटले नाही, मीही नाही.