पाटावर तो पुढे, मी मागे

नवऱ्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, सायकल चालवली तरी हरकत नाही, फक्त चढ नको. त्यातलं चालण्याचं तो दवाखान्याच्या पायऱ्यांवरच विसरला. सायकलचं मात्र बरोबर लक्षात ठेवलं. थोड्याच दिवसांत घरात जाड टायरच्या, गेअरच्या दोन सायकली आल्या, एक त्याची आणि एक माझी. या तर डोंगरात चालवायच्या सायकली, आणि तुम्हाला चढच मना आहे, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाला, दुकानदाराने हीच मजबूत म्हणून दिली.

समोर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो'च लिहिणार आहे, कारण 'ते' लिहिलं की माणूस पाहुण्यासारखा दूर जाऊन बसतो.

आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. त्याचं गाव पांझरेच्या काठी आहे आणि गावाच्या वर नदीत जुना दगडी बंधारा आहे. तो कोणी बांधला, याची प्रत्येक ओट्यावर वेगळी गोष्ट ऐकायला मिळते. शेकडो वर्षांपूर्वीचा आहे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि सपाट रानातून मैलोन्‌मैल जातो. मी यावलकडची, केळीच्या बागांतली. आमच्याकडे ज्याची विहीर त्याचं पाणी. इथे मात्र रानाचे मोठे मोठे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी गहू पेरायचा, दुसऱ्यात सगळ्यांनी ऊस लावायचा, आणि पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी पाळीपाळीने आपल्या फडाला पाणी सोडेल तेव्हाच ते घ्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं नवल वाटलं होतं. नंतर सवय झाली आणि मी पाटाकडे पाहणंच सोडलं.

दर रविवारी सकाळी त्याच पाटाच्या काठाने सायकल चालवायची, असं त्याने ठरवलं. चढ नको ना, मग पाण्याइतकी सपाट वाट दुसरी कोणती, असं त्याचं म्हणणं. मी एकच अट घातली. तो पुढे आणि मी मागे, आणि त्याने माझ्या नजरेबाहेर जायचं नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी माझ्या कमरेच्या पाकिटात असायची. त्याच्या खिशात ठेवून पाहिली होती, पण त्याने ती शर्टासकट धुवायला टाकली. मला काही होत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

लोक म्हणायचे, काय मजा आहे तुमची, दोघं जोडीने फिरता. मला विचारा. हिवाळ्यात गव्हाचा फड हिरवागार असतो, पाट भरून वाहतो, पाण्यावरून वाफ उठते. हे सगळं मी त्याच्या पाठीच्या दोन बाजूंना पाहिलं, समोर पाठच. शर्ट घामाने भिजला तर का भिजला, खांदा जरा वाकला तर का वाकला, त्याने डावा हात झटकला तर नुसताच झटकला की दुखतोय म्हणून. ऑपरेशनच्या वेळी देव पाण्यात घालून बसले होते, ते जणू मी परत बाहेर काढलेच नव्हते. आणि तो पुढे शीळ घालत जायचा. त्याच्या शिळेचा मला भयंकर राग यायचा. एवढं होऊनही हा माणूस घाबरत कसा नाही, यावरून घरी आमची किती भांडणं झाली असतील. चार माणसांत मी त्याला 'बिनकाळजाचा' म्हणून चिडवायचे, आणि तोही हसायचा.

गेल्या जानेवारीत एका रविवारी माझ्या सायकलची चेन उतरली. मी हाक मारली, पण वारा उलटा होता. ती बसवेपर्यंत हात काळे झाले, आणि मान वर केली तर वाट रिकामी. पुढे पाट वळतो आणि तिथून उसाचा फड सुरू होतो. उसाच्या पलीकडचं काही दिसत नाही. वळणापलीकडे थांबला असेल, असं स्वतःला सांगत मी निघाले. वळण घेतलं तरी तो नव्हता. आणखी पुढे गेले तेव्हा त्याची सायकल दिसली. काठावर आडवी पडली होती. शेजारी त्याचे बूट होते, एकाला एक लावून ठेवलेले, मोजे आत खोचलेले. माणूस कुठेच नाही.

फोन लावला, तर तो सायकलच्या पिशवीतच वाजला. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं माझं मन भराभर सगळं रचत गेलं. जीव घाबरा झाला असेल, पाय गार पाण्यात सोडून बसला असेल, बसल्या बसल्या कळ आली असेल आणि तोल गेला असेल. पाट फार खोल नाही, मांडीएवढं पाणी. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला तेवढं पुरतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आहे तशी पाण्यात उतरले. पाणी इतकं गार की श्वासच अडकला. वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत, वाहत्या पाण्याच्या दिशेने मी पुढे सरकत होते. गाळ, दगड, उसाची पाचट हाताला लागत होती. मोरीच्या तोंडाशी पाचट साचली होती, तिच्यात हात घालायचा धीर मला होईना. मी त्याला हाका मारत होते की नुसतीच ओरडत होते, आठवत नाही.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर पाटकरी आला, खांद्यावर फावडं टाकलेला म्हातारा माणूस. आधी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. म्हणाला, "अक्का, घाबरू नका. भाऊ तठे निंबना झाडखाले बठेल शेतस. तुमलेच दखाले धाडं माले त्यासनी."

म्हणजे नवरा जिवंत होता आणि त्यानेच याला मला शोधायला पाठवलं होतं. पाटकऱ्याने फावड्याचा दांडा पुढे केला, तो धरून मी वर आले. वर येताच सगळा राग उसळून आला. उसाच्या आडोशाला, कडुलिंबाखाली तो अनवाणी बसला होता, पाठ खोडाला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आधी नाडी पाहिली. मग विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाला. घाम? नाही. मग मात्र मी तोंड सोडलं. सायकल टाकून, बूट काढून ठेवून कुठे गेलात, माझं काय झालं असेल, याचा विचार तरी केलात का. जीव मुठीत धरल्यासारखे पळालात, आणि पळताना मोजे बुटात खोचून ठेवायला वेळ होता?

तो म्हणाला, पाटात पायताण घालून उतरत नाहीत. लहानपणापासूनची शिस्त आहे, हात आपोआप बुटाकडे गेले. गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला ती माहीत नव्हती, कारण पाटात उतरायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती. माझ्या ओल्या बुटांतून पाणी गळत होतं. पाटकरी बिचारा दुसरीकडे पाहत उभा राहिला.

पण पाट ओलांडून इकडे आलातच कशाला, हे मी विचारलंच. पाटकरी आपल्या कामाला, दारं मोडून पाणी दुसरीकडे वळवायला, निघून गेल्यावर तो बोलला.

"मागे वळून पाहिलं, तर तू नव्हतीस. छातीत काही झालं नव्हतं, खरंच. पण आता होईल असं वाटायला लागलं. इकडे हा माणूस दिसला, म्हणून आलो. एकटं राहायची भीती वाटली."

मी म्हटलं, "तुम्हाला?"

"रोज वाटते," तो म्हणाला. "तू मागे असलीस की कमी वाटते. म्हणून तर शीळ घालतो. ती थांबली की तुला कळेल ना."

मी त्याच्याशेजारी मटकन खाली बसले. वर्षभर मी त्याच्या न घाबरण्यावर चिडत होते, आणि त्याच न घाबरण्यावर टेकून उभी होते. घाबरायचं काम माझं, ते मी चोख करत होते; तो ठाम आहे, म्हणजे बहुतेक सगळं ठीक आहे, असं आत कुठेतरी धरून चालले होते. तो आधार त्या लिंबाखाली सुटला. आता आम्ही दोघंही घाबरलेले होतो आणि घरी जायला सायकलीच होत्या. मला रडू आलं. त्याने माझे बूट काढले, पाणी ओतून टाकलं आणि उन्हात ठेवले.

पुढच्या रविवारी मी सायकलचं नावच काढलं नाही. म्हटलं, सुटलं हे एकदाचं. पण सकाळी तो तयार होऊन दारात उभा होता. हात पुढे करून त्याने माझ्याकडून गोळ्यांची पट्टी मागून घेतली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. पाटावर पोचल्यावर म्हणाला, "आज तू पुढे हो. तू दिसत राहिलीस की मला बरं वाटेल."

तेव्हापासून मी पुढे असते. समोर वाट, पाट, दोन्हीकडे रान, सगळं आता मोकळं दिसतं. त्यातलं मी फारसं पाहत नाही, कान मागे असतात. तो शीळ घालत नाही; मी समोर दिसत असते, त्यामुळे त्याला आता तिची गरज वाटत नाही. या गेअरच्या सायकलींचं एक आहे. माणूस पायडल मारत असला की त्या अगदी गप्प असतात, आणि पाय थांबले की मागचं चाक टकटक वाजायला लागतं. सपाट वाटेवर माणूस अधूनमधून पाय थांबवतोच, मीही थांबवते. पण मागून ती टकटक सुरू झाली की मी श्वास धरते, आणि तो पुन्हा पायडल मारीपर्यंत सोडत नाही.