पाचवी पायरी

आमच्या घराला इतिहास आहे, हे मला दलालाकडून कळलं. यवतमाळच्या जुन्या वस्तीतलं आमचं दोन मजली घर विकायला काढलं, तेव्हा त्यानं जाहिरातीत लिहिलं, 'ऐतिहासिक वास्तू, सागवानी काम, नूतनीकरणास भरपूर वाव.' बायकोनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "गळते, हे किती चांगल्या भाषेत लिहिलं बाप्पा!"

विकायचं कारण तिचे गुडघे. स्वयंपाकघर माडीवर आणि जिना इतका उभा, की दोरी धरून चढावं लागे. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलेला. पण जिना बंद तर चूलही बंद, म्हणून ती चढतच होती. गावाच्या कडेला एक बैठं घर आम्ही पाहून ठेवलं होतं. त्याचे मालक दिवाळीपर्यंत थांबणार होते, पुढे नाही.

पहिली दोन गिऱ्हाइकं मी घालवली. छपराच्या कवेलूंवर वानरं कशी नाचतात, दर उन्हाळ्यात कवेलू कसे फेरावे लागतात, आणि एक वानर एकदा छत फोडून थेट देव्हाऱ्यासमोर कसं उतरलं, हे पहिल्याला रंगवून सांगितलं. माणूस पोट धरून हसला, चहा प्याला आणि गेला तो गेलाच. दुसऱ्यालाही तीच गोष्ट सांगितली. थोडी वाढवून.

"तुम्ही घर विकून राह्यले का गोष्टी सांगून राह्यले?" बायको म्हणाली.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे वणीहून बदलून आलेले एक मास्तर आणि त्यांची म्हातारी आई. त्या दिवशी बायकोनं माझ्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. "हे तोंडात धरा अन् ओट्यावर बसा. घर मी दाखवतो म्हणू नका. एक शब्द बोलाल तर पाहा."

मी बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

आता आमच्या जिन्याबद्दल सांगायला हवं. त्याची पाचवी पायरी हलते. ती काढली तर सगळा जिना खिळखिळा होईल, असं एका सुतारानं वडिलांना सांगितलं, तेव्हापासून ती तशीच. घरचे सगळे ती ओलांडून जातात आणि पाहुणा चढू लागला की खाली असेल त्यानं "पाचवी!" म्हणून ओरडायचं, हा आमचा रिवाज. लग्न होऊन बायको या घरात आली, तेव्हा मी तिच्याशी बोललेला पहिला शब्द तोच. मी अजून बँकेच्या जिन्यावरही पाचवी पायरी ओलांडतो. लोक बघतात.

मास्तर दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले. पाठोपाठ म्हातारीची पावलं. एक. दोन. तीन. माझी सुपारी गालातच अडकली. सांगावं तर गिऱ्हाईक जाणार, न सांगावं तर म्हातारी. चार.

"पाचवी! पाचवी सोडा, मावशी! हलते ते!"

ओरडली बायको.

मग म्हातारी चौथ्या पायरीवरच बसल्याचा आवाज आला. "अजून काय काय हलते, सांग बाई."

बायकोनं सगळं सांगितलं. कवेलू, गळती, वानरं, माडीवरची चूल. "तुले गुडघ्याचा त्रास दिसते," म्हातारी म्हणाली. "मंग चूल वर काहून ठेवली? खाली तर एवढी मोठी खोली आहे."

"खाली ह्यांची बैठक असते," बायको म्हणाली. "गोष्टी सांगाले जागा लागते न."

तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. सुपारी मी गिळली.

"अहो, या आत," तिनं हाक मारली. "सांगा आता तुमची वानराची गोष्ट. राह्यलंच काय सांगायचं!"

मी सांगितली. न वाढवता. मास्तर म्हणाले, "छत अन् जिना आम्ही बदलणारच होतो. खोट काय आहे तेवढं कोणी सांगत नव्हतं." आठवड्याभरात त्यांनी होकार कळवला. दिवाळी आम्ही बैठ्या घरात केली.

परवा त्यांनी चहाला बोलावलं. माझ्या बैठकीत आता स्वयंपाकघर आहे. बायको तिथे, आमच्याच जुन्या खिडकीशी, खुर्चीवर बसून आयता चहा पीत होती. या घरात एकही पायरी न चढता मिळालेला तिचा हा पहिला चहा. तिनं खोलीभर नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही म्हणाली नाही. तिचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, त्यात हा एक.

मी नवा जिना पाहायला उठलो. रुंद, ठेंगणा, सागवान मात्र जुनंच. चार पायऱ्या चढलो आणि सवयीनं लांब टांग टाकली, तर धडपडलोच.

खालून म्हातारी ओरडली, "भाऊ, पाचवी पक्की आहे आता!"