बाबांच्या कवळीचं माप

दातवाल्या ताईंसमोर भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टर बसायचे आणि मागच्या खोलीत ताई कवळ्या बनवायच्या. सव्वीस वर्षं झाली होती त्याला. भिंतीवर तीन फळ्या भरून प्लास्टरचे जबडे, टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, दिव्याखाली बशीत नीट ओळीने मांडलेले दात. तोंडाचं माप घेणं हे खरं तर डॉक्टरांचं काम. पण एखादे आजोबा हट्टाला पेटले, ओठ घट्ट मिटून बसले, की डॉक्टर मागे वळून म्हणायचे, "ताई, जरा येता का?"

ताई हातमोजे चढवत यायच्या. "आ करा. एवढासा नको, मोठा. बायकोवर ओरडताना उघडत होतात ना, तेवढा!" आजोबांना हसू यायचं आणि हसताना तोंड उघडायचं. "हं, आता जीभ बाहेर काढा. आणखी. अहो लाजताय काय, मी काय तुमची सासू आहे?"

ही जिभेची गोष्ट थट्टेची नाही बरं का. माप घेताना जीभ बाहेर काढली नाही, तर खालच्या कवळीची आतली कड नको तेवढी खोल जाते आणि जिभेखाली टोचत राहते. ताई हे इतरांना शंभरदा बजावून सांगायच्या.

आणि हीच बाई घरी आली, खुर्चीत वडील दिसले, की आवाज एकदम मऊ! वय वर्षं एकोणपन्नास, पण बाबांसमोर उभं राहिलं की शाळेतली मुलगी. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानातले तराजू तपासण्यात जन्म गेला, आणि चूक शोधायची ती सवय काही कचेरीत राहिली नाही, घरी आली. ताई वर्गात दुसऱ्या आल्या तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "पहिलं कोण आलं?" आयुष्यात बनवलेली पहिली कवळी त्यांनी मोठ्या हौसेने घरी आणून दाखवली, तर बाबांनी ती खिडकीपाशी नेली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हा सुळा वाकडा आहे." पंचाईत अशी, की तो खरंच वाकडा होता.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा ताईंकडेच राहायचे. घरात तिघंच, बाबा, ताई आणि ताईंचे यजमान. बाबांचे दात एकेक करून पडत होते, शेवटचे सहा डॉक्टरांनी काढले, आणि त्या दिवसापासून बाबांनी जेवणाच्या टेबलाशी बसणं सोडलं. "तुम्ही बसा. मी नंतर जेवेन," म्हणायचे. भात कालवून खोलीत न्यायचे, दार लावून घ्यायचे. बिनदाताचं तोंड हलताना कुणी पाहू नये, एवढंच. बोलतानासुद्धा तोंडावर रुमाल धरायचे. महिनाभरात गालफडं आत गेली. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं, तेही अगदी मधोमध. टेबलाशी ती खुर्ची रिकामी राहायची आणि ताई तिच्याकडे बघत जेवायच्या. बाबांनी पुन्हा त्या खुर्चीत बसून जेवावं, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

हिरड्या भरून आल्यावर त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांपुढे तोंड उघडायला तयार नाहीत. डॉक्टर शहाणे. "ताई, तुम्हीच घ्या माप," म्हणाले आणि बाहेर गेले.

काय झालं असेल, सांगायला हवं का? सव्वीस वर्षांत जो हात कुणाच्या तोंडाशी अडला नाही, तो वडिलांच्या ओठाशी जाऊन थबकला. गाल ओढून धरायचा असतो, तो त्यांनी नुसता बोटाने बाजूला केला. "बाबा, जमलं तर जरा... आ..." आणि जीभ बाहेर काढा? वडिलांना? ज्या माणसासमोर जन्मात कधी मोठ्याने हसल्या नाहीत, त्याला सांगायचं, जीभ दाखवा? शब्द ओठांपर्यंत आले आणि परत गेले.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं," ताई म्हणाल्या.

कवळी मात्र त्यांनी जीव ओतून केली. जुन्या फोटोत बघून दातांचा रंग जुळवला, अगदी पांढरेशुभ्र नाहीत, वयाला शोभतील असे. बाबांनी ती घातली, आरशात पाहिली, मान डावीउजवीकडे फिरवली. ताई श्वास रोखून उभ्या.

"उत्तम झाली आहे," बाबा म्हणाले.

तिथेच ताईंच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती! उत्तम? हा माणूस आणि उत्तम? पण चाळीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो कानावर पडल्यावर शंका कोण घेतो? ताई त्या दिवशी हवेतच होत्या. यजमानांना त्यांनी ती गोष्ट तीनदा सांगितली. चौथ्यांदा सुरुवात केली तेव्हा ते म्हणाले, "अगं, आता मलाही दात पाडून घ्यावेसे वाटायला लागलेत."

बाबा दोन दिवस टेबलाशी बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हल्ली मला लवकर भूक लागते. मग पुन्हा खोली, पुन्हा बंद दार. ताई मनाची समजूत घालत राहिल्या, की वय झालं, वेळा बदलतात. समोर आले की बाबांच्या तोंडात कवळी असायचीच. "कशी आहे?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "उत्तम."

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी ताई चष्मा विसरल्या म्हणून अवेळी घरी आल्या. स्वयंपाकघरात बाबा उभ्याउभ्याच चहात बिस्किट बुडवून चोखत होते. शेजारी रुमालावर कवळी. रुमालावर रक्ताचे दोन ठिपके.

बाबांनी चोरी पकडल्यासारखी कवळी घाईघाईने तोंडात कोंबली आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. दुखण्याचं पाणी होतं ते. इतक्या तोंडांत डोकावलेल्या बाईला एवढं कळणारच.

"चला," ताई म्हणाल्या.

"कुठे?"

"दवाखान्यात. आत्ता. चपला घाला."

बाबा निमूट चालू लागले. खुर्चीत बसवून ताईंनी दिवा खाली ओढला, हातमोजे चढवले. आता त्या रागावल्या होत्या, आणि सगळा राग स्वतःवर होता.

"आ करा. मोठा. आता जीभ बाहेर काढा."

बाबांनी तोंड उघडलं, जीभ मात्र आतच.

"काढा म्हणते ना बाबा!"

बाबांनी जीभ बाहेर काढली. जिभेखाली, डाव्या बाजूला, डाळीएवढी पांढरी जखम होती, भोवती लालभडक. तीन आठवडे या माणसाने त्यावर कवळी दाबून "उत्तम" म्हटलं होतं.

"का नाही सांगितलंत?" ताईंचा आवाज फुटला. "माझी चूक आहे ही. माप मी चुकवलं. तुम्ही एवढ्याएवढ्या गोष्टीत चूक काढता, आणि एवढी मोठी लपवून ठेवलीत? का?"

बाबांनी हात खिशाकडे, रुमालाकडे नेला आणि तसाच मागे घेतला. मग तोंडावर रुमाल न धरताच बोलले. "तुझी आई जायच्या आधी म्हणाली होती. म्हणाली, पोरीला एकदा तरी चांगलं म्हणा. मी म्हटलं, म्हणेन, वेळ आली की. मग ती गेलीच." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तू कवळी घेऊन समोर उभी राहिलीस. तुझा चेहरा असा... म्हटलं, या वेळी काही झालं तरी चांगलंच म्हणायचं."

 ताईंनी बाबांचा हात धरला, हातमोज्यासकट, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे बाहीला पुसून जांभळी पेन्सिल उचलली.

"आता खरं सांगायचं. कुठे दुखतं?"

"इथे."

"आणखी?"

"इथेही. जरा मागे."

ताईंनी जखमेवर खूण केली, कवळी घातली, काढली. जांभळा ठिपका कडेवर उतरला होता. मशीनवर तेवढंच घासलं, पुन्हा घालून पाहिलं. बाबा म्हणाले, अजून टोचतंय. पुन्हा घासलं. अजून जरा, बाबा म्हणाले. असं पाच वेळा झालं, आणि दर वेळी "टोचतंय" ऐकून ताईंना बरंच वाटत होतं. सहाव्यांदा बाबांनी जीभ आपणहून बाहेर काढली, आत घेतली, आणि मान हलवली. आता नव्हतं टोचत.

"तरी पाच दिवस घालायची नाही," ताईंनी दटावलं. "जखम भरू दे. मऊ खा, मिठाच्या पाण्याने चूळ भरा."

त्या संध्याकाळी ताईंनी भात मऊ कालवला आणि ताटली खोलीत नेऊन द्यायला उचलली. मागे वळून बघतात, तर बाबा टेबलाशी. आपल्या खुर्चीत. तोंडात एकही दात नाही, गाल आत गेलेले, रुमाल घडी करून खिशात. यजमान कधी बाबांकडे, कधी पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"बघायचं ते एकदाच बघून घ्या," बाबा म्हणाले, "आणि मग जेवा."

बाबांनी पहिला घास घेतला. हिरड्यांनी चघळताना हनुवटी वर जायची, नाकाला टेकायला यायची. भाताची दोन शितं ओठावर चिकटली. ताईंनी हात पुढे करून ती पुसली आणि बाबांनी पुसू दिली. यजमानांनी सवयीने सफरचंदाची फोड त्यांच्या ताटलीत ठेवली, मग चूक लक्षात येऊन उचलायला गेले.

"राहू द्या," बाबा म्हणाले. "सहाव्या दिवशी खाईन. मुलगी करते आहे माझे दात."

ताई भात आणते म्हणून उठल्या, आणि ओट्याशी उभ्या राहून पोटभर रडल्या. बाहेरून बाबांची हाक आली, "अगं, ये ना लवकर. तुझं ताट थंड होतंय."